मेंदूचा एमआरआय मोजण्याजोगा हवा

मा. संपादक,
स. न.

घरातल्या ज्येष्ठाचा विसराळूपणा वाढला की मेंदूचा एमआरआय होतो आणि अहवालात बहुतेकदा एकच ओळ येते : ‘वयोमानानुसार मेंदू आकसला आहे.’ तेवढ्यावरून अल्झायमरची सुरुवात आहे की नाही, हे न्यूरोलॉजिस्टला ठरवता येत नाही. यात दोष यंत्राचा नसतो. नेमके काय टिपायचे, हे त्याला सांगितलेलेच नसते.

अल्झायमरमध्ये झीज लवकर दिसते ती हिप्पोकॅम्पस (मेंदूचा स्मृतीशी निगडित भाग) आणि त्याच्या लगतच्या भागात. एका बाजूच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान साधारण तीन घन सेंटीमीटर. निरोगी वृद्धांत ते वर्षाला सुमारे दीड टक्का घटते, अल्झायमरमध्ये चार ते पाच टक्के. म्हणजे वर्षभरात पकडायचा फरक ०.१ घन सेंटीमीटरच्या आसपास! नेहमीच्या तपासणीत ५ मिलिमीटर जाडीचे आडवे स्लाइस घेतले, तर हा अवयव दोन-तीन स्लाइसमध्येच संपतो. त्यातून एवढा फरक मोजता येणे शक्य नाही.

यासाठी १ मिलिमीटरचा थ्री-डी टी-१ सिक्वेन्स (प्रतिमा घेण्याची एक ठरावीक पद्धत) घ्यावा लागतो. त्याला पाच-सहा मिनिटे पुरतात, कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन लागत नाही, आणि १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक) यंत्रावरही तो होतो. त्यावरून हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात उभे छेद काढून शेल्टेन्सच्या ० ते ४ गुणांच्या मोजपट्टीवर (गुण जितके जास्त, तितकी झीज जास्त) दोन्ही बाजूंचे गुण अहवालात लिहावेत. पंच्याहत्तरीच्या आत २ किंवा अधिक गुण असतील, तर ते ‘वयोमानानुसार’ म्हणून सोडून देऊ नयेत. जोडीला मेंदूच्या पांढऱ्या भागातली इजा दाखवणारा फ्लेअर आणि सूक्ष्म रक्तस्राव दाखवणारा एसडब्ल्यूआय हे सिक्वेन्स हवेतच. अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारे अॅमिलॉइड हे प्रथिन कमी करणारी नवी औषधे द्यायची की नाही, हे ठरवताना या रक्तस्रावांची संख्या पाहावी लागते.

सर्वाधिक घोटाळा हालचालीमुळे होतो. डोके थोडे जरी हलले, तरी मेंदूच्या करड्या भागाची कड पुसट होते आणि सॉफ्टवेअर मेंदू प्रत्यक्षापेक्षा लहान मोजते. न झालेला आजार कागदावर उमटतो. म्हणून थ्री-डी टी-१ अगदी सुरुवातीला, रुग्ण कंटाळण्याआधी घ्यावा. डोक्याभोवती फोम नीट बसवावा आणि प्रतिमा तिथेच तपासून हललेली असल्यास लगेच पुन्हा घ्यावी. दुसरी अडचण यंत्र बदलण्याची. चुंबकाच्या केंद्रापासून दूर प्रतिमा किंचित वाकते, आणि हे वाकणे प्रत्येक यंत्रात निराळे असते. पहिली तपासणी एका केंद्रात आणि वर्षानंतरची दुसऱ्या केंद्रात झाली, तर यंत्रांतला फरक आजाराच्या फरकाला गिळून टाकतो. तेच यंत्र, डोक्याभोवतीची तीच कॉइल (संकेत टिपणारे वेटोळे), तोच सिक्वेन्स, शक्यतो दिवसाची तीच वेळ हवी. शरीरात पाणी कमी असले तरी मेंदूचे मोजमाप किंचित घटते, हेही ध्यानात ठेवावे.

पार्किन्सनची वाट वेगळी आहे. तिथे ३ टेस्लावरच्या एसडब्ल्यूआयमध्ये मध्यमेंदूतली ‘पाकोळीच्या शेपटी’सारखी खूण नाहीशी झाली आहे का, ते पाहतात. पीएसपी आणि एमएसए या पार्किन्सनसारखी लक्षणे असलेल्या आजारांतही ती नाहीशी होते, त्यामुळे केवळ तिच्यावरून पार्किन्सनचा शिक्का मारणे चुकीचे ठरेल.

आकारमानाचा आकडा मिळाला तरी तो कशाशी ताडायचा, हा प्रश्न उरतोच. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या एमआरआयवरून मेंदूचा नकाशा तयार केला. भारतीय मेंदू सरासरीने पाश्चात्त्यांपेक्षा आकाराने लहान असल्याचे त्यात दिसले. पण ते सारे तरुण होते. साठीपुढच्या निरोगी माणसांची अशी मोजमापे महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी एकाच ठरावीक पद्धतीने गोळा करायला हवीत. तोवर परदेशी आकड्यांशी तुलना करताना निदान कवटीच्या आतील आकारमानाचा हिशेब धरावा.

रुग्णाच्या कुटुंबीयांनी फक्त फिल्मवर समाधान मानू नये. फिल्मवरून आकारमान मोजता येत नाही. डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांच्या मूळ डिजिटल फाइल) स्वरूपातला पूर्ण डेटा सीडी किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्यावा, आणि पुढच्या तपासणीला जाताना तो सोबत न्यावा.

– एक रेडिओलॉजिस्ट, पुणे