सोमवारी बंद

प्रिय लंबू,

प्रभूमध्ये सलाम.

सात महिने पत्र नाही, फोन नाही. ईस्टरला फुलांचं एक चित्र पाठवलं, तेही सगळ्या मंडळीला पाठवलेलंच. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. आमच्याकडे सगळे बरे. बीपीची गोळी चालू आहे.

मागच्या रविवारी घंटा वाजली नाही.

दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, बरं मग? पण सेमिनरीत पाळकाचं काम शिकताना दुसऱ्या वर्षी सुट्टीत आपण इथे कामाला आलो होतो, तू दोराला लोंबकळलास आणि घंटा वाजवणाऱ्या आबांनी तुझ्या पाठीत काठी घातली, ते तुला आठवत असेल. अजून तोच दोर, तेच आबा. साडेआठला पहिली, नऊला दुसरी. वस्तीवरची माणसं पहिली ऐकून आंघोळीला उठतात. त्या दिवशी नऊ वाजता मंदिरात अकरा डोकी. मी झगा घालून उभा, आणि पित्त असं खवळलं की काय सांगू. कारण उपासना, प्रभुभोजन, लगेच कमिटी आणि दुपारी बाराला शेजारच्या गावात दुसरी उपासना, असं सगळं मिनिटामिनिटाचं बांधलेलं.

शेवटी झगा वर खोचून मीच दोर ओढायला गेलो. तो दोर दिसतो तसा नाही रे. ओढला की लगेच सोडावा लागतो, नाहीतर घंटा अडते. माझी एकेक, सुटी सुटी, लांब अंतराने वाजत होती. टण... मग बराच वेळ काही नाही, मग टण. पाच मिनिटांत बायका डोक्यावर पदर घेऊन धावत आल्या, "कोण गेलं? कोण गेलं?" मयताची घंटा वाजवत होतो मी! मागून आबा काठी टेकत आले नि म्हणाले, "पाळकसाहेब, मी अजून आहे."

सगळे हसले. मीही हसलो. उपासनेनंतर त्यांना विचारलं, असं न सांगता कसं काय? तर म्हणाले, "सोमवारी आलो होतो की सांगायला. खांदा वर होत नाही आता, कुणाला तरी शिकवून ठेवा म्हणणार होतो. पण तुमचा वार नव्हता."

माझा वार. आता ते सांगतो, कारण मूळ दुखणं तिथे आहे.

मागच्या वर्षी एका शिबिरात आम्हाला वेळेचं नियोजन शिकवलं. ती चार खान्यांची चौकट, आयसेनहॉवरच्या नावाने सांगतात ती: तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नाही, वगैरे. मला ती फार पटली. हसू नकोस. तेव्हा रात्री अकरालाही फोन यायचा, रविवारचा संदेश शनिवारी रात्री एकला लिहायचो, आणि धाकटीने शाळेत 'माझे बाबा' म्हणून काढलेल्या चित्रात माझी फक्त मोटरसायकल होती. म्हणून दाराला लॅमिनेशन करून कागद लावला. भेट मंगळवार व गुरुवार, संध्याकाळी ५ ते ७. सोमवारी बंद. हिने तेव्हाच म्हटलं होतं, हे किराणा दुकान झालं.

बायबलमधल्या वचनांचा आधारही होता माझ्याकडे. निर्गम १८ मध्ये इथ्रो जावयाला, मोशेला, काय सांगतो? सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलास तर तूही खंगशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. आणि मार्क १ मध्ये सगळे शोधताहेत असा निरोप आल्यावरही प्रभू परत फिरला नाही, दुसऱ्या गावांकडे निघाला. म्हणजे नाही म्हणणं पाप नाही. हे मी अजूनही म्हणतो.

पण त्या रविवारी रात्री डायरी उघडली. चौथा खाना, ना तातडीचं ना महत्त्वाचं. त्यात माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत: 'आबांच्या गप्पा'.

लंबू, ते दोन शब्द मला खोडवेनात. खोडले तर लिहिलेच नव्हते असं होईल.

तू म्हणशील, मार्था आणि मरीया, एक घरकामात राबली, दुसरी प्रभूच्या पायाशी ऐकत बसली. माहीत आहे. होस्टेलवर मी मरीयेची बाजू घेऊन रात्रभर भांडलो आणि तू तोवर सगळ्यांची ताटं घासून टाकलीस, वर म्हणालास, "मरीया बसली, पण जेवण कुणी केलं ते लूकने लिहिलं नाही." तेव्हापासून तुझ्याशी वाद घालायला भीती वाटते. एकच सांग. याईरची मुलगी मरायला टेकलेली, प्रभू तिच्याकडे निघालेला, म्हणजे पहिल्या खान्यातलं काम. आणि वाटेत बारा वर्षं आजारी असलेली बाई नुसती त्याच्या वस्त्राचा गोंडा धरते तर तो थांबतो, कोणी स्पर्श केला म्हणून विचारत बसतो. तिला कुठल्या खान्यात घालायचं?

कागद काढून टाकला म्हणू नकोस. काढला होता. मंगळवारी नऊ जण आले, त्यातल्या एका काकांना नातवाचा मोबाइल रिचार्ज करून हवा होता. बुधवारी परत लावला, फक्त 'सोमवारी बंद' एवढ्यावर पट्टी चिकटवली. आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या दाराला असा कागद असता तर लक्ष्मीबाईंना 'स्मृतिचित्रे'त लिहायला काही उरलंच नसतं. १९१७ साली मिशनचा पगार सोडून टिळकांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. तू त्यांचंच नाव घेऊन पगार सोडलास आणि विमा विकायला गेलास. तेव्हा मी तुला पळपुटा म्हणालो होतो. ते मागे घेतो. अर्धं.

सध्या रोज सकाळी सहाला आबांकडे घंटा शिकायला जातो. आबा दोराऐवजी गाईचा कासरा खांबाला बांधतात आणि मला ओढायला लावतात. अजून जमत नाही. ते म्हणतात, मनगट सोडा, तुम्ही सगळं घट्ट धरता.

ताईची बारावी कशी गेली? आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? वहिनींना सलाम. आणि माझा हप्ता या महिन्यात आहे की पुढच्या, ते कळव. चुकला तर दंड तूच भर.

तुझा,
पाळकबुवा