शनिवारचे दोन तास आणि पडून असलेली हत्यारं : एक आवाहन

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलची माजी विद्यार्थी संघटना हे आवाहन करत आहे. येत्या जूनपासून नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी सौरऊर्जा, बायोगॅस आणि ठिबक यांच्या जोडणी-दुरुस्तीची कार्यशाळा शाळेत सुरू करायची आहे. शेड उभी आहे, मुलंही तयार आहेत. हत्यारं नाहीत आणि शिकवायला मिस्त्री नाही.

या कामाला गावात मागणी आहे का, असं काही पालक विचारतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं म्हटल्यावर गल्लोगल्ली छपरांवर पॅनेल चढली. शेतात सौर पंप आले. बसवणारी टोळी काम उरकून निघून जाते आणि पुढं वीज कमी पडायला लागली की घरमालक फोन लावत बसतो. दोष बऱ्याचदा किरकोळ असतो. गुऱ्हाळं पेटली की चुलवाणाची काजळी काचेवर बसते, त्यात पेटवलेल्या उसाच्या फडातली राख. शेजारच्या नारळाची सावली दुपारनंतर एकाच पॅनेलवर पडते, पण त्याच्याबरोबर मालिकेत जोडलेल्या बाकीच्यांचंही उत्पादन खाली येतं. कुठं कनेक्टर नीट दाबून बसवलेला नसतो, तो तापून काळा पडतो. मल्टिमीटर म्हणजे वीज मोजायचं यंत्र चालवता येणारं गावातलंच पोरगं असेल, तर या गोष्टी त्याच दिवशी सापडतात.

आणि पुराचं काय? २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या घरातही इन्व्हर्टर खालच्या मजल्यावर, हाताला येईल अशा उंचीवर बसवून दिलेला दिसतो. प्रयाग चिखली, आंबेवाडीकडच्या कुठल्याही पोराला विचारा. पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीला हात लावून दाखवेल आणि इन्व्हर्टर त्याच्या वर घ्या म्हणून सांगेल. ही अक्कल बाहेरून आलेल्या टोळीकडं कुठून असणार?

शाळेतच असं शिक्षण देण्याची कल्पना आमची नव्हे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि गावाच्या गरजेची कामं करत मुलांनी शिकावं हा रस्ता दाखवला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर घालवावेत असं म्हटलंय. चांगलंच आहे, पण दहा दिवसांत फार तर ओळख होते. हात बसायला वर्षभर दर शनिवारी काम करावं लागतं.

पालकांसाठी स्पष्ट सांगतो : कुठल्याही मुलाला छपरावर चढवणार नाही. मैदानाच्या कडेला कमरेएवढ्या उंचीचा सांगाडा उभारू आणि त्यावर एकेक सुटं पॅनेल जोडायला शिकवू. एका पॅनेलचा विजेचा दाब साधारण ५० व्होल्टच्या आत असतो. अनेक पॅनेल मालिकेत जोडली की तो शेकड्यांत जातो आणि पॅनेलमधल्या डीसी विजेची ठिणगी घरातल्या एसी विजेसारखी चटकन विझत नाही. त्यामुळं तो भाग मुलं फक्त पाहतील. हात लावायचा तो पुढं आयटीआयला किंवा डिप्लोमाला गेल्यावर. मुलींची नावं मुलांइतकीच घेणार आहोत. 'पोरीनं पान्हा धरून काय करायचं' असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा शाळेत येऊन बोलावं. चहा आमच्याकडून.

आता मागणं. पैशांपेक्षा आम्हाला माणूस जास्त हवा आहे. ऑइल इंजिनांवर नाव कमावलेलं उद्यमनगर जवळ असताना शाळेला शिकवणारा मिळू नये, हे मनाला पटत नाही. निवृत्त वायरमन, फिटर, सौर पंप बसवणारे, बायोगॅसचं बांधकाम केलेले गवंडी, ज्यांना शनिवारी सकाळी दोन तास काढता येतील त्यांनी कळवावं. मानधन थोडं असेल, पण वेळेवर मिळेल. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांना आणखी एक विनंती : धातू ओतायच्या साच्यांत वापरलेली वाळू पुन्हा कामात आणणारी यंत्रणा ज्यांच्याकडं आहे, त्यांनी वर्षातून एकदा मुलांना आत घेऊन ती दाखवावी. पर्यावरणाच्या धड्यात नुसती झाडं लावून भागत नाही, हे त्यांना तिथं दिसेल.

वस्तूंमध्ये मल्टिमीटर, क्रिंपिंगची पक्कड, पान्ह्यांचा सेट, इन्सुलेटेड हातमोजे, अर्थिंगचं साहित्य, ठिबकचे जुने फिल्टर आणि व्हॉल्व्ह चालतील. तडा गेलेलं पॅनेल किंवा बंद पडलेला इन्व्हर्टरही द्या, उघडून बघायला तो नव्यापेक्षा बरा. फक्त भंगार समजून फुटक्या बॅटऱ्या आणू नका, ॲसिड सांडतं.

रोख किंवा चेकनं मदत करणाऱ्यांना शाळेची पावती मिळेल. जमा-खर्च दर तीन महिन्यांनी कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावू. कुणाच्या नावाची पाटी भिंतीवर लागणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

शाळेचं कार्यालय कामाच्या दिवशी अकरा ते पाच उघडं असतं. सामान विज्ञानाचे शिक्षक तपासून उतरवून घेतील. जड काही असेल तर आदल्या दिवशी निरोप द्या, ट्रॉली पाठवतो.