खोली बघा, पण दार कुठे उघडतं तेही बघा

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

प्रवेशाचे दिवस आहेत. अभ्यासक्रम कोणता घ्यावा, कुठलं विद्यापीठ बरं, याबद्दल आपल्या पानांवर रोज काही ना काही येतं, आणि ते यायलाच हवं. पण मोठ्या शहरात पहिल्यांदाच शिकायला निघालेलं मूल राहणार कुठे, हे बहुतेक घरांत सगळ्यात शेवटी ठरतं. तेही घाईघाईने, मोबाइलवर आलेले चार फोटो पाहून. नोकरीची बहुतेक वर्षं मी विद्यापीठाच्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून काढली. सत्राच्या सुरुवातीला सामान घेऊन आलेली मुलं पाहिली आणि त्यातली काही मध्येच सामान बांधून परत जातानाही पाहिली. म्हणून हे पत्र.

आई-वडील खोली पाहायला येतात तेव्हा नळ सोडून बघतात, कपाटाला कुलूप बसतं का ते तपासतात, गादी दाबून पाहतात. हे सगळं पाहावंच. पण दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की समोर काय येतं, हे विचारणारे फार थोडे. जिना कुठे आहे? पिण्याचं पाणी भरायला कुठे जायचं? कपडे धुण्याची जागा कोणत्या मजल्यावर? मेसकडे जाताना वाटेत कोणाच्या खोल्या लागतात? माझ्या मते पहिलं सत्र कसं जाईल हे खोलीच्या आतल्या सोयींपेक्षा या वाटांवर जास्त अवलंबून असतं. पहिल्या वर्षी मुलाला त्या शहरात कोणी ओळखत नसतं. ओळखी व्हायच्या तर त्या जाता-येताच होतात. मुद्दाम कोणाचं दार ठोठावून "मला मित्र हवा आहे" असं कोणी म्हणत नाही.

हे माझं एकटीचं मत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एमआयटी या संस्थेने विवाहित विद्यार्थ्यांसाठी वसाहत उभारली होती. घर रिकामं होईल तसं ते यादीतल्या पुढच्या कुटुंबाला मिळे, शेजारी निवडायची सोय नव्हती. लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक या संशोधकांनी तिथे कोणाची कोणाशी ऊठबस आहे याची नोंद केली आणि १९५० मध्ये निष्कर्ष मांडले. अगदी लगतच्या दारात राहणाऱ्यांपैकी ४१ टक्के लोकांची नावं जवळचे स्नेही म्हणून घेतली गेली. त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं. मजला तोच, अंतर काही पावलांचं, आणि एवढा फरक! जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशीही मैत्री जुळली होती, कारण वरचे सगळे त्यांच्या दारावरूनच ये-जा करत.

आमच्याकडे एका वर्षी एका मुलीला पॅसेजच्या शेवटची, मधल्या जड दारापलीकडची खोली मिळाली. एकटीची खोली, आतच न्हाणीघर, खिडकीतून मोकळी हवा. त्या मजल्यावरची सर्वांत चांगली खोली म्हणून तिच्या घरच्यांनी ती आग्रहाने मागून घेतली होती. पहिल्या चाचणीच्या आधी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि खोली बदलून मागू लागली. काय त्रास आहे, म्हणून विचारलं तर म्हणाली, "खोलीचा काहीच त्रास नाही मॅडम. पण दिवसभरात माझं नाव कोणी घेत नाही." तिला तिघींच्या खोलीत जागा दिली. आधीच्या मानाने खोली अंधारी होती, न्हाणीघरासाठी रांग होती. नंतर ती माझ्याकडे आली ती फक्त सुट्टीच्या अर्जावर सही घ्यायला.

एकट्याची खोली कोणी घेऊच नये, असं मी म्हणत नाही. प्रकृतीची अडचण असेल, अपंगत्व असेल, झोपेचा किंवा मनाचा काही आजार असेल, तर ती हक्काने मागावी आणि विद्यापीठाने ती द्यावी. काही मुलांना माणसांच्या गर्दीतून परत आल्यावर खरोखरच एकांत लागतो. अशा मुलांसाठी माझं सांगणं इतकंच, की खोली एकट्याची घ्या, पण ती माणसं वावरतात अशा पॅसेजमध्ये घ्या. स्वयंपाकघर किंवा अभ्यासिका सामाईक असेल तर उत्तम. गोंगाटाची भीती पालकांना वाटते, ती खोटी नाही. त्यावर उपाय म्हणजे रात्री शांततेची वेळ कोणती आणि ती पाळली जाते का, हे तिथे राहून गेलेल्या एखाद्या मुलाला विचारणं. नियमावलीत ती वेळ सगळीकडेच लिहिलेली असते.

रूममेटबद्दलही थोडं सांगते. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना सिगारेट ओढता का, अभ्यास करताना गाणी ऐकता का, रात्री जागता का, टापटिपीने राहता का, असे मोजके प्रश्न विचारत आणि पुढची वाटणी जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारखी होई. त्या नोंदींवरून अर्थतज्ज्ञ ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ मध्ये दाखवलं, की रूममेटचा परिणाम मुलाच्या गुणांवर होतो आणि ते कोणत्या मंडळींत सामील होतं यावरही होतो. मुख्य विषय कोणता निवडला, यावर मात्र तसा परिणाम आढळला नाही. आमच्याही अर्जात सवयींचे असे रकाने होते. ते बहुतेक वेळा वडिलांच्या अक्षरात भरलेले असत, आणि जवळजवळ प्रत्येक अर्जात मूल लवकर झोपणारं, पहाटे उठणारं आणि अतिशय नीटनेटकं असे. मग रात्री दोनपर्यंत जागणाऱ्याची जोडी पहाटे पाचला उठणाऱ्याशी लागते आणि दोघांचंही वर्ष कुरकुर करण्यात जातं. कृपा करून तो अर्ज मुलाला स्वतःला भरू द्या, आणि खरा भरू द्या.

आजारपणाचा विचार तर कोणी करतच नाही. पहिल्या वर्षी एकदा तरी ताप येतो. नवी हवा, नवं पाणी, अपुरी झोप. अशा वेळी कोणाच्या लक्षात येतं, हे महत्त्वाचं. मध्यरात्री माझ्या दारावर थाप पडायची ती आजारी मुलीची नसायची, तिच्या शेजारणीची असायची. बंद दाराआडच्या सुंदर खोलीत मूल दोन दिवस पडून राहिलं तरी बाहेर कळत नाही. म्हणून जागा पाहायला जाल तेव्हा रात्री वसतिगृहात कोण असतं, त्याला कुठे हाक मारायची, जवळचा दवाखाना कुठे आहे, हे विचारून या.

आता अंतराचं. शहराच्या कडेला मोठी, हवेशीर, स्वस्त जागा मिळते आणि "तासाभराचा तर प्रवास" असं म्हणून ती घेतली जाते. हिशेब करून पाहा. जायला तास, यायला तास, आठवड्याचे सहा दिवस म्हणजे बारा तास. वर्षाला तीस आठवडे वर्ग भरले तर ३६० तास, म्हणजे सलग पंधरा दिवस आणि पंधरा रात्री मूल वाटेवर असतं. त्याहून मोठं नुकसान संध्याकाळचं होतं. व्याख्यान संपल्यावर प्राध्यापक दोन मिनिटं थांबतात, नाटकाची तालीम असते, ग्रंथालयात चौघं मिळून गणितं सोडवत बसतात, आणि शेवटची बस गाठायची म्हणून हे मूल तिथून उठतं. विद्यापीठात जे वर्गाबाहेर मिळतं ते सगळं सुटतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मित्रांबरोबर लांब राहायला जायला हरकत नाही, तोवर पाय रोवलेले असतात. पहिल्या वर्षी मात्र खोली लहान असली तरी चालेल, विद्यापीठ पायी गाठता आलं पाहिजे. आणि तो रस्ता दिवसा पाहिला तेवढा पुरे, असं समजू नका. रात्री नऊला एकदा चालून बघा.

खासगी हॉस्टेल किंवा भाड्याचा फ्लॅट घेणार असाल तर करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. करार बारा महिन्यांचा आणि वर्ग नऊ-दहा महिन्यांचे, असं सर्रास असतं. रिकाम्या महिन्यांचं भाडं घरूनच जातं. विद्यापीठाच्या वसतिगृहात कधी उलटं असतं. सुट्टीत खोली रिकामी करायला लावतात, आणि मुलाला तर परीक्षेसाठी किंवा कामासाठी तिथेच थांबायचं असतं. प्रवेश रद्द झाला किंवा दुसऱ्या विद्यापीठात नंबर लागला तर पैसे परत मिळतात का आणि किती, हे कागदावर हवं. चार मुलांनी मिळून एकाच करारावर सह्या केल्या असतील आणि एक जण मध्येच गेला, तर त्याचा वाटा बहुधा उरलेल्या तिघांच्या गळ्यात पडतो. शक्यतो प्रत्येकाचा करार वेगळा करा. ताबा घेतला त्याच दिवशी भिंतीवरची ओल, तुटकी मूठ, कॉटचा वाकलेला पाय, सगळ्याचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. अनामत परत घेताना तेच उपयोगी पडतात. आणि जागा स्वतः किंवा विश्वासातल्या माणसाने पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका. प्रवेशाच्या हंगामात दुसऱ्याच्याच घराचे फोटो दाखवून फसवणारे असतात.

सुरक्षिततेबद्दल बोलताना सगळे कॅमेरे किती ते विचारतात. मी विचारेन, मुख्य दार खरोखर बंद होतं का? १९८६ मध्ये अमेरिकेत लिहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या जीन क्लेरी या एकोणीस वर्षांच्या मुलीचा खून झाला. दारं आपोआप कुलूप लागणारी होती, पण येण्या-जाण्याच्या सोयीसाठी मुलांनी ती अडसर लावून उघडी ठेवली होती. तिच्या आई-वडिलांनी पुढे जो लढा दिला त्यातून १९९० मध्ये तिथे क्लेरी कायदा आला आणि आवारातल्या गुन्ह्यांची माहिती दरवर्षी जाहीर करणं विद्यापीठांना भाग पडलं. आता वसतिगृहांतल्या आगीच्या घटनांची आणि अग्निसुरक्षेची माहितीही तिथे द्यावी लागते. ज्या घरातली मुलगी गेली त्यांनी इतरांच्या मुलांसाठी हे मिळवलं. असा कायदा असो वा नसो, पालकांनी हे प्रश्न लेखी विचारावेत. आगीच्या वेळी बाहेर पडायचा दुसरा जिना उघडा आहे की त्यावर जुन्या कॉट रचून ठेवल्या आहेत, हे पाहायला तर कोणाची परवानगीही लागत नाही.

शेवटी विद्यापीठांना एक विनंती, ती आपल्या दैनिकाने उचलून धरावी. पॅरिसमध्ये रोबेर द सॉर्बों यांनी १२५७ च्या सुमारास धर्मशास्त्राच्या गरीब विद्यार्थ्यांसाठी राहण्याची सोय केली, आणि त्यातूनच सॉर्बोन हे नाव जगाला माहीत झालं. राहणं आणि शिकणं इतकं जुनं जोडलेलं असताना वसतिगृहाची यादी प्रवेशाचे पैसे भरून झाल्यावर लावणं योग्य नाही. पसंतीक्रम भरण्याआधीच जागा किती, पहिल्या वर्षासाठी राखीव किती, वर्गापासून पायी अंतर किती, करार कधी संपतो, सुट्टीत काय होतं आणि मेसमध्ये प्रयोगशाळेतून उशिरा येणाऱ्याचं ताट ठेवतात का, हे संकेतस्थळावर असलं पाहिजे. मजल्याचा नकाशाही द्यावा. तो इमारतीच्या कार्यालयात असतोच.

आणि खोली बदलून मागण्याची एक ठरलेली मुदत असावी, पहिला महिना संपल्यावर पंधरा दिवसांची. त्या वेळी कारण विचारावं, पण पुरावा मागू नये. ही मुदत खोली मिळाल्याच्या पत्रावरच छापावी आणि अर्ज कोणाकडे द्यायचा त्या व्यक्तीचा खोली क्रमांकही तिथेच लिहावा.

आपली,
एक निवृत्त वसतिगृह अधीक्षिका
(नाव व पत्ता संपादकांजवळ दिला आहे.)