बाबांची रात्रीची गाडी

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही गप्प झालात आणि आईने विषय फळछाटणीवर नेला. म्हणून लिहूनच कळवते. हो, मी मुंबई सोडतेय. यापुढे वकिली कोल्हापूरला.

मुंबईत चार वर्षं ज्युनिअरशिप केली, त्यातच मी घडले. कंपन्यांचे दावे, लवाद, ओरिजिनल साइडचं, म्हणजे थेट हायकोर्टात दाखल होणारं, काम करायचं असतं तर इथून हललेही नसते. पण माझ्या हातात येतं ते आपल्याकडचंच. दुसरी अपिलं, भूसंपादनाचा मोबदला, कारखान्यांची आणि सोसायट्यांची रिटं, जामीन. 18 ऑगस्ट 2025 पासून आपल्या सांगलीसकट सहा जिल्ह्यांचं हे काम मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे चालतं, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टात. पक्षकार तिकडे गेले, मी फोर्टात बसून कुणाची वाट बघू?

तुमची शंका खरी आहे, सर्किट बेंच म्हणजे कायमचं खंडपीठ नव्हे. पण औरंगाबादलाही 1981 साली राज्य पुनर्रचना कायद्याच्या याच कलम 51(3)खाली सुरुवात झाली होती. वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, तिथे टिकला, आणि 1984 मध्ये ते कायम झालं. कोल्हापूरचंही तसंच होईल असं मी छातीठोक सांगत नाही. एवढी जोखीम मात्र घेते.

आई, 'जमलं नाही म्हणून परत आली' असं लोक म्हणतील, ना? म्हणू देत. सनद तीच, हायकोर्टही मुंबईचंच. इथे मी सिनियरांची ब्रीफं उचलते आणि तारखा मागते. तिथे स्वतः उभी राहून चार वाक्यं तरी बोलेन. पैशांची पहिली दोन वर्षं ओढाताण होईल, ते मात्र आत्ताच सांगून ठेवते.

खरं कारण निराळंच आहे. बाबा, कालव्यात गेलेल्या जमिनीच्या अपिलासाठी तुम्ही सांगलीहून रात्रीची महालक्ष्मी धरायचात. वकील म्हणायचे यायची गरज नाही, तरी जायचातच. आईने दिलेली भाकरी-चटणी, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहणं, संध्याकाळी कळायचं की बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, आपल्या नंबरापर्यंत पोचलाच नाही. परत तीच गाडी. आता त्याच व्हरांड्यात पिशवी छातीशी धरून बसलेला कुणी दिसला, की मी आधी त्याचा बोर्डावरचा आयटम नंबर बघून देते. सिनियर हसतात.

शनिवारी येते. राहीन कोल्हापुरातच, खोली बघून ठेवली आहे. तासगावहून रोज ये-जा झेपणार नाही. माळ्यावरची आपल्या अपिलाची पिशवी काढून ठेवा, नवा नंबर शोधायचा आहे. त्यात मी उभी राहणार नाही, घरचं मॅटर आपण चालवू नये. पण तारखेला तुम्ही सकाळच्या एसटीने या आणि मागच्या बाकावर बसा. रात्री जेवायला घरी असाल.

तुमची,
ताई