दुजोरा म्हणजे आधार नव्हे

मन मोकळे करण्यासाठी एआय चॅटबॉटकडे वळणाऱ्या तरुणांविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. ‘कोणीच नसण्यापेक्षा हे बरे’ हा त्यातील सूर पटला नाही. खरा धोका आहे तो आपल्या प्रत्येक गोष्टीला मान डोलावण्याच्या चॅटबॉटच्या सवयीत. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी या चॅटबॉटमधील एक बदल अति हांजी हांजी करणारा ठरल्याने तो बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. त्यातून वापरणाऱ्यांच्या शंकांना आणि रागालाही खतपाणी मिळत होते, हे कंपनीनेच मान्य केले.

खचलेल्या माणसाला नेमके हेच घातक. ‘माझा कोणाला उपयोग नाही’ म्हणणाऱ्याशी मैत्रीण वाद घालते, प्रसंगी शेवटची लोकल पकडून घरी येऊन धडकते. समुपदेशक वेळ पडल्यास घरच्यांना बोलावून घेतो. चॅटबॉटला दार ठोठावता येत नाही. मुंबईतल्या एका खोलीच्या घरात मनातले बोलायला आडोसा नसतो, म्हणून मुले मोबाइलकडे वळतात. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

परंतु केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. केईएम, नायर, शीव या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. असे लेख छापताना हा क्रमांक सोबत ठळकपणे द्यावा आणि महाविद्यालयांनीही तो सूचनाफलकावर लावावा, ही कळकळीची विनंती.

— एक पालक, मुलुंड, मुंबई