गिझरचा रुग्ण घरी गेल्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाथरूममध्ये गॅस गिझरच्या धुरामुळे बेशुद्ध पडलेल्या तरुणीला तिसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि धोका टळला, अशी बातमी आपल्या अंकात वाचली. मुलगी वाचली, फार बरं झालं. पण धोका टळला हे इतक्यात म्हणू नये. मी एका स्कॅन सेंटरमध्ये एमआरआय मशीनवर काम करून निवृत्त झालो. गिझरचे रुग्ण आमच्याकडे पहिल्या दोन-चार दिवसांत क्वचितच यायचे. यायचे ते महिनाभराने, ‘अचानक विसरायला लागलेत’ म्हणून.

त्यातल्या एक बाई, शाळेत क्लार्क. मधले तीनेक आठवडे त्या कामावर जात होत्या, डबेही करत होत्या. मग एकाएकी बोलणं तुटलं, पाय अडखळायला लागले, कपड्यात लघवी व्हायला लागली. गिझरची हकिगत आम्ही खोदून विचारल्यावर निघाली. मशीनमध्ये नेण्याआधी मंगळसूत्र काढायला सांगितलं, तर त्यांचा हात गळ्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. शेवटी नवऱ्यानेच काढून रुमालात बांधलं. फिल्मवर मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना ग्लोबस पॅलिडस या हालचालींशी संबंधित भागाच्या जागी डाग होते आणि व्हाइट मॅटरमध्ये, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंमध्ये, पसरलेला बदल होता. आधीच्या रुग्णालयाच्या फायलीत मात्र ‘सीटी नॉर्मल, ऑक्सिजन 99 टक्के’. (बोटाला लावायचं ते यंत्र गिझरच्या धुरातला विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, चिकटलेलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजनचंच धरतं. या रुग्णात त्या 99 ला काही अर्थ नसतो.)

दक्षिण कोरियात कोळशाच्या विटा जाळून घराची जमीन तापवत, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना या विषबाधेचा दांडगा अनुभव. 1983 साली तिथे 2360 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. शुद्धीवर येऊन ठणठणीत वाटणाऱ्या काहींना 2 ते 40 दिवसांनी, सरासरी तीन आठवड्यांनी, हाच त्रास सुरू झाला होता. दिलासा इतकाच, की पुढे ज्यांची नोंद ठेवली त्यांतले तीन चतुर्थांश वर्षभरात सावरले. 2018 मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी 387 रुग्णांचे सुरुवातीलाच काढलेले एमआरआय तपासले. 101 जणांना नंतर त्रास झाला, आणि त्यातल्या साधारण चारपैकी तिघांच्या पहिल्याच स्कॅनमध्ये डिफ्यूजनच्या चित्रांत (एमआरआयचाच एक भाग, ताजी इजा त्यात लवकर उठून दिसते) ताजी इजा दिसत होती. ज्यांना पुढे काही झालं नाही, त्यांच्यात असे डाग दहात एकालाच.

म्हणजे पुढे त्रास होणाऱ्या चौघांतला एक पहिल्या स्कॅनच्या नजरेतून निसटतोच. तेव्हा स्कॅन स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहायचं नाही. पण ज्याच्या स्कॅनवर डाग दिसतो त्याच्या घरच्यांना आधीच सावध करता येतं. महिनाभर गाडी चालवू देऊ नका, गॅसपाशी एकटं सोडू नका, आठवड्याला न्यूरोलॉजिस्टला दाखवा. एमआरआय महाग, हे मला कोणी सांगायला नको. पण डिफ्यूजनचा भाग एक-दोन मिनिटांत निघतो, रुग्ण शांत पडून राहिला की झालं. डोक्याला साधा मार लागला तर सीटी काढतोच ना आपण? मग जो गिझरखाली शुद्ध हरपून पडला, त्याला घरी सोडण्याआधी एवढं करायला काय हरकत आहे?

गिझर बाथरूमबाहेर बसवा, झरोका बोळे कोंबून बुजवू नका, हे दर थंडीत छापून येतं. यायलाच हवं. माझी मागणी पुढची आहे. अशा रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी असाव्यात: ‘पुढचे 40 दिवस विसराळूपणा, चालीतला बदल, लघवीवरचा ताबा जाणे किंवा स्वभाव बदलणे दिसल्यास ताबडतोब या. येताना हे कार्ड आणा.’ छापील कार्डं येईपर्यंत रबरी शिक्काही चालेल.

आपला,
एक निवृत्त एमआरआय तंत्रज्ञ, नाशिक