नवी पेठेतल्या अभ्यासिकेतल्या काकांना

काका,

नाव विचारायचं राहूनच गेलं. कोपऱ्यातल्या टेबलाशी पेपर वाचत बसता ते तुम्ही, आणि गेल्या मंगळवारी जिच्या लॅपटॉपला वायफाय लागत नव्हतं ती मी.

विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा माझा लॅपटॉप आणि त्यात खोचायचा वायफायचा डोंगल घेऊन त्याआधी दोन दुकानं फिरून झाली होती. पहिल्यात लॅपटॉप उघडूनही न बघता निकाल लागला : 'लिनक्सला डोंगल चालत नाही, विंडोज टाका, आठशे रुपये.' दुसऱ्याने 'हा जुना झाला' म्हणत नवा डोंगल गळ्यात मारला. तोही ढिम्म. तुम्ही दोन्ही लावून पाहिलेत आणि हसायलाच लागलात. वरचं प्लास्टिक तेवढं वेगळं, आत चिप तीच, एमटी7601!

तिला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, 2015 पासून कर्नलमध्ये, लिनक्सच्या गाभ्यातच आहे म्हणालात. मग स्क्रीनवरच्या ढीगभर ओळींतल्या एकीवर बोट ठेवलंत : 'एरर मायनस 2'. म्हणजे फाइल सापडली नाही, बास. या डोंगलच्या पोटात फर्मवेअर, म्हणजे चिपच्या स्वतःच्या प्रोग्रॅमची फाइल, टिकत नाही. दर वेळी खोचला की कर्नल ती फाइल लॅपटॉपमधून उचलून त्याला भरवतो, तेव्हा कुठे तो जागा होतो. मामेभावाने माझ्या लॅपटॉपवर बसवून दिलेलं लिनक्स डेबियन 11 चं. त्याच्या साध्या इन्स्टॉलरमध्ये असली फर्मवेअर नसायची, 2023 च्या डेबियन 12 पासून यायला लागली. आता फाइल आणायला नेट हवं आणि नेटला फाइल!

तेव्हा तुम्ही खिशातला फोन काढून केबलने माझ्या लॅपटॉपला जोडलात, त्याचं नेट सुरू केलंत आणि 'दोन घास खाऊन येतो' म्हणून चक्क घरी गेलात. फोन तिथेच, लॉकसुद्धा न करता. मी कोण, कुठल्या गावची, काही विचारलं नाहीत. पुण्यात तीन वर्षं झाली काका, इथे घरमालकीण पाण्याच्या टाकीलाही कुलूप लावते. त्या अर्ध्या तासात मी फोनकडे नुसती बघत होते. ज्याला येतं तो बहुतेकदा आधी दोन शब्द ऐकवतो, मग मदत करतो. तुम्ही ऐकवायचं विसरलात बहुधा.

फॉर्म त्याच संध्याकाळी भरला, शेवटच्या तारखेला.

जास्तीचा डोंगल तुमच्या टेबलाच्या खणात ठेवलाय, कुणाला लागला तर द्या. आणि हो, तुम्ही जेवायला गेलात तेव्हा 'सूनबाई' असा फोन आला होता. मी घाबरून उचलला नाही, आणि नंतर सांगायचंही राहिलं.